जोडा

नोंद क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.
चपलांच्या हिशेबाची वही, मोडी, पाने एकसष्ट,
कडा पुरात भिजलेल्या.
सातपुत्यांच्या सुनेनं ती आणून दिली
टॉवेलात गुंडाळून, ओल्या बाळासारखी,
आणि विचारलं, “ह्यात काय गावंल का?”
गावंल, म्हणाले मी.
आमच्या धंद्यातलं हे नेहमीचं खोटं.

पान चौतीस, ओळ सहावी :
बायजा. जोडा एक. डावा दोन बोटं कमी.
बाकी आठ आणे.
एवढंच. आडनाव नाही, पेठ नाही,
त्या दिवशी ऊन होतं का, तेही नाही.

इंगवलेकाकांनी भिंग कपाळावर सारलं.
मी विचारलं, काका, दोन बोटं कमी म्हणजे मापात,
की पायालाच बोटं दोन कमी?
ते बराच वेळ खिडकीतून
खालच्या पिठाच्या गिरणीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, “दोन्ही लिव्ह.
पण पेन्सिलीनं लिव्ह.”

काका गेले. वही स्कॅन होऊन संगणकात गेली.
तिथं सगळं आहे :
शोध, गाळणी, पानाला हातही न लावता पान उलटणं.
पेन्सिल तेवढी नाही.

आणि परवा रात्री, नोंद तेवीसशे आठ.
सूतगिरणीच्या फाटकाशी अकरा बायका,
छायाचित्रकार अज्ञात.
मी चेहरे मोठे करत होते,
हात चुकला, पाय मोठे झाले.
डावीकडून तिसरी. उजवी चप्पल पुरती,
डावी तिच्याहून आखूड.
टाच बाहेर, मातीवर.

खाली गिरणी केव्हाच बंद झाली होती.
मी खुर्चीतून उठले, उगाच पाणी प्याले,
परत बसले.

नात्याचा प्रकार निवडा, म्हणाला पडदा.
भाग. उल्लेख. तीच व्यक्ती.
“असावी” असा प्रकार नव्हता.
खाली हिरवं बटण : जोडा.
आमच्या गावात ह्या शब्दाला
चामड्याचा वास आहे,
हे बटण करणाऱ्याला ठाऊक नसावं.

मी निवडलं, तीच व्यक्ती.
टिपेत लिहिलं, बहुधा.
बहुधा हीच आता माझी पेन्सिल.
मग दाबलं, आणि घरी जाताना
बिंदू चौकापर्यंत मनात
बायजा, बायजा, असं चालत राहिले,
जणू मीच तिचं बारसं केलं.

अठराव्या दिवशी दिलावर मोमीन आले,
इचलकरंजीहून, एसटीनं,
कानात मशीन, हातात प्लास्टिकची पिशवी.
“फोटोतली ती तिसरी,” म्हणाले,
“बायजा नव्हं. हलीमा. माझी आजी.
पाय दोन्ही धड हुते तिचं, दहाच्या दहा बोटं.
फोटूवाला आला तवा ही अनवाणी.
कुणीतरी आपल्या काढून दिल्या,
म्हणली, घाल, बरं दिसतंय.
टाच बसंना म्हणून आजी मरस्तोवर हसायची.”

कुणी दिल्या?
“ते काय न्हाई सांगितलं.
मैतरीण म्हणायची. बास.”

चहा निवला. ते गेले.
मी फोटो पुन्हा उघडला.
मागच्या रांगेत, कडेला, एक जण,
पदर दातात, नजर खाली,
पुढच्या दोघींच्या लुगड्यांआड
तिचे पाय अजिबात दिसत नाहीत.
कितीही मोठं केलं तरी
लुगडं फक्त दाणेदार होत जातं.

“तीच व्यक्ती” मी खोडलं.
पुसलं नाही. खोडलं, तारीख घालून,
चुकलेली वाटही कुणाला तरी लागते.
हलीमाचं नाव तिच्या चेहऱ्याला लावलं.
दिलावरभाईंचं बोलणं त्यांच्याच शब्दांत ठेवलं,
“बास” सुद्धा.
आणि वहीच्या त्या ओळीपासून
फोटोतल्या त्या उघड्या टाचेपर्यंत
नवी रेघ ओढली.
टीप : व्यक्ती वेगळी. जोडा तोच, बहुधा.

मागच्या रांगेतल्या बाईला
मी काही जोडलं नाही.
तिच्या पायापुढं टीप एकच,
दिसत नाहीत.

दोन बोटांचं अजून कळलेलं नाही.
आठ आणे बाकीच आहेत.