पाचशेचा सुटा डबा

पास्कू म्हणाला, बाय, तुझी बोटां काजूची,
ह्यां काम तुझांच.
आणि डबा टेबलावर ओतला.
जत्रेत कागदावर खाजं ओततात तशा
पाचशे गोळ्या, पॉइंट बावीस,
गुळाच्या रंगाच्या.

स्वस्त माल. पन्नासच्या पेटीत ओळीने बसलेल्यांना किंमत असते.
या सुट्या, प्रवासभर एकमेकींना घासत आलेल्या.

एकवीस वर्षं मी कारखान्यात प्रतवारी केली.
अख्खा, पाकळी, तुकडा, डागी.
गर किडका आहे का, ते अंधारातही सांगेन.
इथेही तेच:
शिशाचं नाक चेपलेलं, बाजूला.
पितळेवर हिरवट डाग, बाजूला
(वेंगुर्ल्याची हवा; इथे मीठ पितळेलाही लागतं).
उरलेल्या काचेवर घरंगळवायच्या,
सरळ जाते की लंगडते.

आत काय आहे ते काचेला कळत नाही.
मोठ्या काडतुसाची ठिणगी मध्यभागी, पास्कूने सांगितलं,
हिची कडेला.
दुमडलेल्या कडेत मसाला गरगर फिरवून बसवतात.
बहुतेक सगळीकडे पोचतो,
एखादा कोपरा राहतो.
वर्तुळाला कोपरा असतो
हे मला त्या दिवशी कळलं.

आणि ही बंदूक आपोआप भरणारी.
म्हणजे पहिलीच्या धक्क्यावर दुसरीने आत यायचं.
पहिलीत जीव कमी असला
तर बोल्ट अर्ध्यातूनच माघारी फिरतो,
आणि रिकामी पुंगळी दारातच उभी राहते
मानपान राहिलेल्या व्याह्यासारखी.
मग सगळं लग्न अडलेलं.

रविवारी सड्यावर, जुन्या चिरेखाणीत,
समिधा केळुसकर आडवी झाली. अकरावीची पोर,
पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा.
सहा गोळ्या भराभर गेल्या.
सातवीला बंदूक नुसती
खट्
म्हणाली.

कोणी हलू नका. नळी भिंतीकडेच.
तीस मोजायचे.
उशिरा फुटणारीही असते एखादी.

एक, दोन.
खाणीच्या तळाला हिरवं पाणी, त्यात बेडूक.
नऊ.
भिंतीवर चिरे कापल्याच्या आडव्या रेघा,
शाळेच्या वहीसारख्या, काही न लिहिलेल्या.
खाली बंदरात कुणाची तरी होडी सुरू होत नव्हती.
सतरा.
थोरले दीर आठवले. गोव्याला जाऊन येतो म्हणाले,
आणि अकरा वर्षांनी पत्र आलं: पोचलो.
बावीस.
समिधाचा कान लाल झालेला,
मानेवर डास बसला तरी तिने हात उचलला नाही.
तीस.

काढली. कडेवर घाव होता,
भाकरीच्या पिठात नख रुतावं तसा, स्वच्छ.
मला ओळखू आली.
म्हणजे तशी काही ओळखता येत नाही,
पण मी निवडलेली होती,
माझ्या बोटांनी तिला अख्खी म्हटलं होतं.

पास्कूने ती चष्म्याजवळ नेली, अर्धा वळसा फिरवली,
पुन्हा आत घातली, स्वतःच आडवा झाला
त्या ढेरीसकट.
फुटली.
समोर चिऱ्यातून तांबड्या धुळीची चिमूट उडाली.

मला वाटलं, हसेल.
तो गुडघे झाडत म्हणाला,
मेलली नाय ती. आपण तिका भलत्या जाग्यार मारलां.
आणि बऱ्याच वेळाने, पाणी पिऊन झाल्यावर,
पण स्पर्धेत दुसऱ्यांदा इचारूक येळ गावणा नाय.

वहीत दोनच रकाने:
फुटली. नाही फुटली.
पेन धरून बसले होते.
समिधा म्हणाली, मावशी, माझी म्हणून लिहू नका,
ती पास्कूकाकांची.
मग मी तो रकाना तसाच सोडला
आणि पुंगळ्या वेचायला उठले.
वाळूतली एक अजून कोमट होती.

घरी हाताला वास राहिला, शिशाचा की दारूचा कुणास ठाऊक.
काजूचा चीक आठवडाभर जात नसे,
हा साबणाने गेला.
उद्या दुसरा डबा फोडायचा आहे.
तोही सुटाच.