वाक्यात उपयोग करा

आउटक्रॉप.
फळ्यावर लिहिताना खडू मोडला.
खानापूर रोडला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
सातजण माझ्याकडे इंग्रजी शिकतात.
चौघं कसल्या ना कसल्या परीक्षेला, दोघं दुबईला,
आणि कल्लेहोळचा भरमा कल्लाप्पा मरगाळे
बोअरवेलच्या गाडीवर वही लिहायला,
जिथं मालक तमिळ, पोरं छत्तीसगढची
आणि वही इंग्रजीत.

शब्द त्यानंच आणला होता, तळहातावर लिहून.
"आउट म्हणजे बाहेर, क्रॉप म्हणजे पीक.
म्हणजे बांधाबाहेर उगवलेला जोंधळा काय, मॅडम?"
सगळे हसले. मीही.

घरी जाऊन जाडा शब्दकोश काढला,
तर त्या क्रॉपच्या पोटात
आधी पाखराच्या गळ्याची पिशवी होती,
कणसाचा गेंद होता,
जे जे फुगून वर येतं ते ते.
पीक फार उशिरा आलं.
भरमा चुकला नव्हता,
त्याची विहीर थोडी उथळ राहिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सांगितलं:
मातीखाली खडक असतोच.
उसाखाली, रस्त्याखाली, या गिरणीखालीही.
कुठं दोनशे फुटांवर, कुठं वीतभर.
जिथं माती संपते
आणि तो आपणहून उजेडात येतो,
ती जागा म्हणजे आउटक्रॉप.
कुणी आणून टाकलेला धोंडा नव्हे,
पुरात गडगडत आलेला गोटाही नव्हे.
तो जागचा हललेला नाही.
दिसतो तेवढा संपतही नाही.

मराठी कोशात याला दृश्यांश म्हणतात, म्हटलं.
भरमानं शब्द तोंडात घोळवला
आणि भातातल्या खड्यासारखा बाजूला काढला.
"आमच्यात नुसतं उघडं पडलंय म्हणतेत की."

आता लिहा. वाक्यात उपयोग करा.
सहा वह्यांत एकच वाक्य आलं,
नदीजवळ आउटक्रॉप दिसतो,
फक्त नद्या बदललेल्या. मलप्रभा, मार्कंडेय,
एकीत तर बसस्टँड.

सातव्या वहीत, मोडक्या इंग्रजीत:
माझी आई बैलहोंगलची, काळ्या रानातली.
लग्न होऊन आली आणि मराठी झाली.
मराठीत रागावते, मराठीत देवाशी भांडते.
पण ब्लाउजचं माप घेताना टेप धरून
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
देअर इज ॲन आउटक्रॉप इन माय मदर.

लाल पेन हातात तसंच राहिलं.
व्याकरणाला नाव ठेवायला जागा नव्हती.
अर्थाचं काय, हे कुणाला विचारायचं?
खालून गिरणीचा पट्टा फटफटत होता,
पायाखालची फरशी हळूच थरथरत होती.

"आणि मॅडम, कल्लु म्हणजे दगड.
गावात कल्ले, बापात कल्लाप्पा.
वीस वर्षं झाली तुम्हाला वाईहून येऊन,
ठाऊक नव्हतं?"
नव्हतं.
रोज हजेरी घेत होते
आणि ठेच लागली नव्हती एकदाही.

पुढच्या महिन्यात तो गेला.
अथणीकडून एकदाच फोन आला,
चारशे वीस फूट, नुसती धूळ,
आणि वेदर्डचं स्पेलिंग काय?

त्या रात्री फीच्या नोटा मोजायला घेतल्या,
मुद्दाम मोठ्यानं,
काय वर येतंय ते ऐकत.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा
आणि मग, कसं कोण जाणे, एळु.

हा काही माझा खडक नाही.
ही वीस वर्षांत वरून बसलेली माती,
भाजीवालीकडून, कंडक्टरकडून,
शेजारच्या शांतव्वाच्या ओट्यावरून
दाणा दाणा आलेली.
तिलाही इंग्रजीत एक शब्द असणार.
उद्या बघायचा.