पुढे ‘ऑफ’ असेल तर

ट्रूरोच्या इस्पितळात, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत
लोवेना नॅन्कॅरो एकवीस वर्षं टाइप करते आहे
परक्यांच्या फुप्फुसांचे, मणक्यांचे, यकृतांचे अहवाल.
कानात डॉक्टर पास्को, पायाखाली पेडल.
दाबलं की बोलणं, सोडलं की गप्प.
असा नवरा हवा होता, असं ती
दर नाताळच्या पार्टीत म्हणते
आणि दर नाताळला लोक हसतात.

पास्को कधीच म्हणत नाहीत, ‘आहे’.
पास्को म्हणतात, ‘सजेस्टिव्ह ऑफ’.
डावीकडे वरच्या भागात दोन सेंटिमीटरची सावली,
कडा काटेरी,
सजेस्टिव्ह ऑफ.
त्यापुढे जे नाव येतं
ते टाइप करताना तिची बोटं अडखळत नाहीत.
पूर्वी अडखळायची.

हा शब्द तिला पहिल्यांदा भेटला तो आईच्या दुकानात,
न्यूलिनच्या धक्क्यावर, पोस्टकार्डांच्या फिरत्या जाळीवर:
लालबुंद दांडग्या बायका, हडकुळे नवरे,
हातात एक काकडी, आणि खाली एक ओळ
जिचा अर्थ तिला अकराव्या वर्षापर्यंत
काकडी एवढाच लागे.
चर्चमधल्या मिसेस ट्रेम्बाथ चष्मा सावरून म्हणाल्या,
‘सजेस्टिव्ह!’
आणि दोन विकत घेतली.
तेव्हा त्याच्यापुढे ‘ऑफ’ नव्हतं.
नुसताच उभा होता तो, एक भिवई उडवून.

मराठीत मी त्याला काय म्हणू?
‘सूचक’ म्हणावं, तर तो आपल्याकडे सभेत बसतो,
शेजारी अनुमोदक, पुढ्यात गार झालेला चहा,
ठराव एकमताने मंजूर.
‘लेकी बोले सुने लागे’ म्हणावं, तर
इथे लेक नाही आणि सूनही नाही,
आणि ज्याला लागायचं
त्याला अजून ऐकूच गेलेलं नाही.

मंगळवारी कानात नाव आलं: जोरी केलिनॅक.
जन्मतारीख तिला सांगावी लागली नसती,
शाळेत दोघांत एकाच बाकाचं अंतर होतं.
‘सजेस्टिव्ह ऑफ’,
आणि तिने पेडलवरून पाय उचलला.

पास्को तिथेच थांबले.
बराच वेळ थांबून राहिले बिचारे, त्या ‘ऑफ’च्या कडेवर,
जणू ती परवानगी देईल
तेव्हाच पुढचं खरं होणार होतं.
वरच्या पाइपातून कुणाचं तरी पाणी गेलं.
मग तिने पाय ठेवला.

गोपनीयतेच्या कागदावर तिची सही आहे.
निळ्या शाईत, वळणदार.

गुरुवारी धक्क्यावर जोरी, रबरी एप्रन, हातात सुरी.
‘लोवेना, माझा मॅकरेल बघितलास का?
अजून उड्या मारतोय!’
चाळीस वर्षं तो हेच म्हणतो आहे,
आणि चाळीस वर्षं ती म्हणते आहे, ‘वजन कर आणि पैसे सांग.’

आज ती हसली.
जरा मोठ्याने, जरा जास्तच वेळ,
आणि म्हणाली, ‘मग दाखव की!’

सुरी हवेतच राहिली.
गल्ल्यातले नाणे शोधावे तसा
तो तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिला.
‘उद्या बोलावलंय मला,’ तो म्हणाला,
‘ट्रूरोला.
खालचं सगळं तूच टाइप करतेस ना?’

तिने पिशवी पुढे केली.
‘बर्फ जास्त घाल, जोरी.
लांब जायचंय.’

तिचं घर चढावर, चार मिनिटांवर.
त्याने तिथल्या पडद्यांचा रंगही सांगितला असता.

जोरीने बर्फ घातला,
ओंजळभर.
मग आणखी एक ओंजळ.