मे महिन्यातली मतं

आमच्या मंडळात मे महिन्यातली मतं आखूड असतात.
गोकुळपेठेत, डॉक्टर निमजेंच्या दवाखान्यामागची खोली.
कूलर सुरू असला की कुणाचं काही ऐकू येत नाही,
बंद केला की कुणाला काही सुचत नाही.
म्हणून ज्याची पाळी त्यानं उठायचं, बटण दाबायचं,
वाळ्याचा वास विरायच्या आत
पुस्तकाबद्दल काय ते बोलायचं
आणि पुन्हा बटण दाबून बसायचं.

सव्वीस वर्षं. महिन्याचा दुसरा शनिवार.
नोंदवही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं,
आणि बँकेत होते तेव्हापासून
आकडा असो की शब्द, पदरचा घालायची सवय नाही.

पान बारा. भोयर : लेखकाला भूक माहीत नाही,
जेवणाची वर्णनं मात्र झकास.
पान एकोणीस. परातेबाई : शेवट आवडला, लवकर आला.
सुमेध खोब्रागडे, तेव्हा कॉलेजात,
एका दीडशे पानी पुस्तकावर पाऊण तास बोलला,
सगळ्यांचा चहा निवला.
मी लिहिलं : सुमेध बोलला.
पान सदुसष्टवर नुसता तर्रीचा डाग आहे.
ते पुस्तक कोणतं, यावर अजून भांडण होतं.

यंदा ठरलं, पहिलंच पुस्तक पुन्हा वाचायचं.
तपकिरी पुठ्ठ्याचं, शिवण उसवलेलं.
त्यातली बाई चौथ्या प्रकरणात
नवऱ्याचा डबा भरते, ओट्यावर ठेवते,
आणि एसटीत जाऊन बसते.
का, ते लेखक सांगत नाही. बाईही सांगत नाही.

‘काय पुस्तक होतं बाप्पा!’ भोयर म्हणाले.
‘त्या वेळी तर आपण सगळे हललो होतो ना,’
निमजे म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या,
मीसुद्धा.
मग कुणीतरी म्हणालं, वही काढा.

पान एक.
भोयर : काऊन गेली थे सांगत नाही,
मंग लिवलं काऊन?
निमजे : सत्तर पानांनंतर झोप लागली.
परातेबाई : आणलं नाही, वाचलं नाही.
आणि खाली माझं, टपोऱ्या अक्षरात, दुहेरी रेघ मारून :
बाई मूर्ख. एवढं काय झालं होतं?

हसले सगळे. भोयर तर डोळे पुसेपर्यंत.
मग हसणं थांबलं, एकेकाचं, वेगवेगळ्या वेळी.

कारण त्रिमूर्तीनगरच्या त्या दोन खोल्यांत
मी गेली अकरा वर्षं राहते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.
माझं कपाट सुमेधनंच टेम्पोत चढवलं होतं.
का, असं त्यानं विचारलं नव्हतं.
‘आरसा काढून घेऊ का वेगळा?’ एवढंच विचारलं होतं.

पाळ्या सुरू झाल्या. कूलर बंद, कूलर सुरू.
परातेबाई : या खेपेला वाचलं. टाइप लहान झालाय.
निमजे : डब्यात काय होतं, ते लिहायला हवं होतं.
सुमेध, आता कानाजवळ पांढरा, एकच वाक्य बोलला :
ती एसटी चुकली असती तर?

मग मी उठले. बटण दाबलं.
ट्रेमध्ये पाणी ठिबकत होतं, बाहेर भंगारवाला ओरडत होता,
आणि सगळे आपापल्या पुस्तकात बघत होते,
मिटलेल्या पुस्तकातसुद्धा.
मी तोंड उघडलं, तेवढ्यात भोयर उठले,
‘लय गरम होते जी,’ म्हणाले
आणि बटण पुन्हा दाबलं.

त्या घरघरीत मी बोलले.
बरंच बोलले. डब्यात काय होतं तेही सांगितलं.
कुणी कानामागे हात धरला नाही,
कुणी ‘मोठ्यानं बोला’ म्हणालं नाही.
बसले तेव्हा पन्ह्याचा पेला माझ्यापुढं सरकवलेला होता.

पदरचं घालायची सवय नाही.
तारीख टाकली, सगळ्यांची मतं उतरवली,
आणि माझ्या नावापुढं लिहिलं :
बोलल्या. कूलर सुरू होता.