काटा

दूध तापेपर्यंत एका पायावर.
आधी डावा. डावा माझा खोटा आहे,
दहा मोजायच्या आत हात ओट्याकडे जातो.
उजवा बरा, सायीला सुरकुती पडेपर्यंत टिकतो.
मग डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर,
आणि तिथे, चोपन्न वर्षांची मी,
नुकतं पाऊल टाकणारं पोर होते
माझ्याच स्वयंपाकघरात.

गेल्या चैत्रात कानातले खडे सरकले होते.
डॉक्टर म्हणाले, असतात, सगळ्यांच्याच कानात,
चुन्याचे, कणाएवढे, त्यांच्या भरवशावर माणूस उभा.
मला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.
तीन आठवडे छत फिरलं.
भिंत धरधरून न्हाणीघर गाठायचे,
आणि लष्करातल्या बायका भेटायला येऊन
साखर तपासून घे म्हणायच्या.

खडे बसले जागच्या जागी.
भीती उभीच राहिली.

मग भाच्याने, ओजसने, दिवाणखान्यात
हवेने फुगवायची एक फळी पसरली,
दारातून अर्धी बाहेर गेली.
म्हणाला, हिच्यावर उभं राहायचं, तिघऱ्याच्या धरणात,
आणि वल्हवायचं.
मला जमिनीवर जमत नाही रे, म्हटलं.
म्हणाला, म्हणूनच.

सहा महिने लागले त्या ‘म्हणूनच’ला.
खुर्चीतून हात न टेकता उठायचं, वीस वेळा.
कोपरांवर ताठ, बातम्यांचे मथळे संपेपर्यंत,
हवामानापर्यंत मी कधी पोचले नाही.
गच्चीवर केरसुणीच्या दांड्याने हवा वल्हवली.
समोरच्या भदौरिया काकू कठड्यावरून ओरडल्या,
“बाई, जाले उतार रही हो क्या?”
हो, म्हटलं. जाळीच.

बाबा वजनमापं खात्यात होते.
दाल बाजारात दुकानोदुकानी जाऊन
तराजू नाकासमोर उचलून धरायचे,
मापाच्या बुडाशी शिसं भरलंय का, नखाने बघायचे.
एकदा जेवताना म्हणाले,
काटा थरथरत नसेल तर समजावं, अडकवलाय.
आम्ही भात कालवत होतो.
कुणीतरी लोणचं मागितलं.

माघातली सकाळ. पाणी सपाट, परातीतल्यासारखं.
हेच अवघड, दीपेंद्र बाथम म्हणाला,
नाव दोरीने ओढत, विडी कानामागे.
“लहर हो तो शरीर जागता है।
ठहरे पानी में आदमी सोचने लगता है।”
आधी गुडघ्यांवर. मग एक पाऊल, मग दुसरं,
ओल्या सारवणावर टाकावं तसं.
“पैर मत देखो, आंटी। उधर देखो।”
उधर म्हणजे पलीकडची तांबूस टेकडी,
तिच्यावर एक शेळी,
माझ्याकडेच बघणारी.

पोटऱ्या थरथरल्या. मांड्या. हनुवटीसुद्धा.
मी ते थांबवायला गेले
आणि पडले.

नाकात धरण. लोखंडाची चव, शेवाळाची.
डबक्यातून म्हैस निघते तशी
पोटावर सरपटत फळीवर आले, डौल शून्य.
शेळी गेली होती.
दीपेंद्र दुसरीकडे बघत होता, मुद्दाम, भला माणूस.

पुन्हा उभी राहिले तेव्हा थरथर तशीच राहू दिली.
गुडघे सैल, वल्हं खोल,
ओढ खांद्यातून नाही, पोटातून,
केरसुणीने नेमकं उलटं शिकवलं होतं.
फळी सरकली. वीतभर. मग हातभर.
मग मोजणं सुटलं
आणि काठ मागे, खरंच मागे.
ओजस म्हणतो, दीड मिनिट.
त्याच्या घड्याळावर खात्याचा शिक्का नाही.

रात्री पलंग डुलला, गादीखाली तिघरा.
हात सवयीने भिंतीकडे निघाला,
अर्ध्यात थांबला,
पांघरुणात परत आला.

सकाळी डावा पाय.
नऊ. दहा. अकरा. बारा,
तेरा,
दूध उतू गेलं.