पापणीचा रंग

दहिवेलच्या पुढे, कान नदीच्या अंगाला
बाजरी निघालेल्या रानात ठेलारींचा वाडा बसलाय.
मेंढ्यांनी रात्र काढायची, मालकाने धान्य द्यायचं, असा सौदा.
मी जाळी अर्धीच उघडते,
एकेक मेंढी गुडघ्यांत धरते,
अंगठ्याने खालची पापणी उलटवते.

लाल असेल तर जा.
गुलाबी, तरी जा.
धुवट कापडासारखी पांढरी असेल
तर थांब बाई, तुझं रक्त कुणीतरी पितंय.
चौथ्या पोटात बसलेत, सुताएवढे, लाल-पांढऱ्या पिळाचे,
पावसाळाभर ओल्या गवतावरून चढलेले.

भिवसनबाबा काठीवर हनुवटी टेकून बघतो.
"सुई काढ ना बाई. आंत्रविषारले टोचस तशी.
एकदाव टोच, वरीसनी चिंता नही."

याला आपल्याकडे लस नाही, बाबा.
परदेशात कुठे निघालीय म्हणतात,
माझ्या बर्फाच्या डब्यापर्यंत आलेली नाही.

"मंग औषध तरी सर्वास्ले पाज."

सगळ्यांना पाजलं की जंत शिकतात.
गेल्या साली पाजलंच होतं ना?
त्यातून जे जगले ते शिकून बसलेत.
थोडे अडाणी जंत राखून ठेवावे लागतात.

तो हसत नाही.
त्याला वाटतं, औषध कमी आलंय आणि मी झाकतेय.
(कमी आलंयच. पण ते वेगळं.)

एकशे बारा मेंढ्या. एकतीस पांढऱ्या.
त्यातल्या चौघींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी.
जिभेच्या मागे नळी, हळू, ठसका नको,
मग पाठीवर निळा पट्टा.

जाळीपाशी शेवटी उरली झिंगाबाई, बाबाची सून.
कडेवर पोर, पदर दातात.
स्वतःच स्वतःची पापणी खाली ओढून म्हणाली,
"मनं बी देख ना."

पाहिलं.
हात सवयीने निळ्या डब्याकडे गेला,
मागे घेतला.
माझ्या रजिस्टरात रकाने चार:
मेंढी, बकरी, कोकरू, मृत.

आशाताईला फोन लावला, रेंज नाही.
वाडा उद्या पिंपळनेरकडे उठणार.
चिठ्ठी लिहून दिली, सरकारी दवाखान्याच्या नावाने.
घोड्यावरच्या झोळीत, जिथे लहान कोकरं बसवतात,
तिथे तिने ती खोचली.

रात्री मोरीतल्या आरशासमोर
मी अंगठ्याने माझी पापणी ओढली.
बल्ब पिवळा, काही कळलं नाही.
डोळ्याखाली निळा डाग तेवढा लागला,
दोन दिवस निघाला नाही.