कापूस दाबून धरा

पाळकसाहेब म्हणाले, पहाटेचा पहिला तास प्रभूला द्या.
माझा पहिला तास अ‍ॅपने आधीच घेतलेला:
सहा दहा, ऐरोली सेक्टर तीन, उपाशीपोटी साखर.
सहा पस्तीस, रबाळे, थायरॉइड.
सात वाजता घणसोली गाव, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

साडेचारचा गजर लावूनही पाहिला.
शास्त्र उघडलं आणि स्तोत्रांवरच डोकं टेकून झोपले.
पानावर लाळेचा डाग आहे अजून,
नेमका तिथे,
जिथे लिहिलंय की तो कधी डुलकी घेत नाही.

पप्पा शाळेत शिपाई होते जालन्याला.
पहिली घंटा देण्याआधी व्हरांड्यात बसायचे,
डोळे मिटून, मांडीवर टोल्याचा हातोडा.
त्यांच्याकडे घंटा होती, म्हणून वेळ होता,
असं मला वाटायचं.

तिमथी महापेहून रात्रपाळी करून येतो.
आम्ही दारात भेटतो, किल्लीची अदलाबदल करतो.
कौटुंबिक प्रार्थना म्हणजे
अमोसची वॉटर बॅग भर, दूध वर आलंय, बघ.

आणि रविवारी तर लोकांना सवड असते रक्त द्यायला.
चौदा घरं. मग स्कूटी, मग मागचं दार, मागचा बाक,
बर्फाची पेटी पायाशी.
मम्मी, तू फक्त आमेनला येतेस, अमोस म्हणतो.
मी आमेन मोठ्याने म्हणते.

सुई काढली की कापूस ठेवते.
दाबून धरा, दोन मिनिटं, हात दुमडू नका.
ती दोन मिनिटं अ‍ॅपमध्ये नाहीत.
त्यात मी लेबल चिकटवते:
जांभळं टोपण, राखाडी टोपण, नाव, वय, वेळ.

एकदा लेबलवरचं नाव वाचलं
आणि ते जिभेवरच राहिलं.
प्रभू, कांचन थळे, वय बेचाळीस.
पुढे काय मागावं ते सुचेना.
नळी अजून कोमट होती मुठीत.

मग रोजच.
प्रभू, इरफान मुकादम, ज्यांची शीर सापडत नाही.
प्रभू, सुलभा टीचर, भिंतीकडे बघतात, रिपोर्टबद्दल काही विचारत नाहीत.
प्रभू, हे बाळ, लेबलवर नुसतं 'बेबी ऑफ शबनम'.
कधी विसरते. कधी नाव घेताना मनात
पेट्रोलचे पैसे असतात.

घणसोली गावात दामाजी मढवींनी पकडलं.
काय पुटपुटतेस गो?
मी म्हटलं, काही नाही, सेकंद मोजते.
तेवढ्यात खाली, पत्र्याच्या मागे,
कुणाचा तरी कोंबडा आरवला.
एकदाच, पण आरवला.
जिना उतरताना कान गरम झाले होते.
ही गोष्ट कुणाला सांगितली नाही,
तिमथीलासुद्धा.

तीन महिन्यांनी पुन्हा त्यांची साखर.
पट्टा बांधला, सुई गेली, नळी भरली,
कापूस ठेवला.
आणि मीच म्हटलं, काका, तेव्हा मी खोटं बोलले.
मोजत नव्हते. तुमचं नाव घेत होते.
कुणाकडे?
सांगितलं.

ते काही बोलले नाहीत.
कापूस दाबून बसले, दोन मिनिटं, चार,
रक्त कधीच थांबलं होतं.
खाली टेम्पो मागे घेत होता कुणी.
मग आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाले,
तिचं पण घे.
ती सुईला घाबरते, तुझ्या यादीत कधी यायची नाही.
यमुनाबाई नाव.

अ‍ॅप लाल झालं. पुढचं घर दहा मिनिटं उशिरा.
तळवलीच्या सिग्नलला उभी राहिले,
बर्फाच्या पेटीत एक नळी कमी असल्यासारखं वाटत राहिलं.
प्रभू, यमुनाबाई मढवी, वय...
वय विचारायचं राहिलं.